अक्षरालाही गट नंबर लागतो

(गाव-प्रतिनिधींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, फक्त थोडा आटोपला आहे.)



सकाळपासून दाव्यांचं बोलणं चाललं आहे. नमुना क, नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब, कोणाची फाईल उपविभागीय समितीत पडून आहे, कोणाची परत आली. आता मधेच अक्षरांवर बोलायचं म्हटलं तर मागे बसलेले दादा म्हणतील, अक्षराने काय पट्टा भेटते का? प्रश्न रास्त आहे. तरी आम्ही थोडा वेळ मागतो, कारण ज्या फायली परत येतात त्यांत नावाचं भांडण किती असतं ते तुम्हीच सांगता. राशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, दाव्यावर तिसरं. माणूस एकच. डोंगराचं नाव आपण एक घेतो, नकाशावर मोजणीवाल्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. मग साहेब विचारतो, हा डोंगर कुठला, नकाशावर तर दिसत नाही.

आता हे सगळं कागदावरून कॉम्प्युटरवर चाललं आहे. म्हणून कॉम्प्युटर अक्षर कसं ठेवतो ते आधी समजून घेऊ. त्याला अक्षराचा आकार कळत नाही, नुसता आकडा कळतो. आपल्या जमिनीला जसा गट नंबर, तसा प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला आहे. आपल्या 'क'चा नंबर ०९१५. तुम्ही मोबाईलवर क दाबला की पुढे जातो तो हा नंबर. समोरच्याच्या मोबाईलमध्ये ०९१५ म्हणजे क असं आधीच बसवलेलं असतं म्हणून त्याला क दिसतो. सगळ्या जगाच्या अक्षरांचं हे एकच रजिस्टर आहे, त्याला युनिकोड म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्याची संस्था निघाली. मोठमोठ्या कॉम्प्युटर कंपन्या तिच्या सभासद आहेत, मतही मुख्यतः त्यांचंच. मात्र नवीन अक्षराचा अर्ज कोणालाही करता येतो, त्याला सभासद असावं लागत नाही.

ज्या अक्षराला ह्या रजिस्टरात नंबर नाही, ते कॉम्प्युटरच्या लेखी नाहीच. रिकामा चौकोन दिसतो, नाहीतर काहीच दिसत नाही. आपलं हे पत्रक स्टेन्सिलवर निघतं. टाईपराईटरवर एखादं अक्षर नसलं तर आपण टोकदार लेखणीने स्टेन्सिलवर ते ओढून टाकतो आणि शाई फिरवली की छापून येतं. स्टेन्सिल विचारत नाही की ह्या अक्षराची नोंद आहे का. कॉम्प्युटर विचारतो.

आणि हे रजिस्टर यायच्या आधी काय होतं ते तालुक्याच्या डीटीपी दुकानात गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. निवेदन एका दुकानात टाईप केलं, दुसऱ्या दुकानात उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. दुकानदार म्हणतो, तुमचा फॉन्ट नाही माझ्याकडे. कारण कृतिदेव काय, श्रीलिपी काय, त्यांत आतमध्ये नंबर इंग्रजी अक्षरांचेच होते, वरून फक्त मराठीचा आकार चढवला होता. घर आपलं, सातबारा दुसऱ्याच्या नावाचा, असला तो प्रकार.

हे जे आपलं झालं, तेच कॅनडाच्या आदिवासींचं झालं, आणि त्यांनी पुढे त्याचं काय केलं ते सांगायला आज उभे आहोत. कॅनडा म्हणजे अमेरिकेच्या वरचा, उत्तरेचा थंड मुलूख. तिथे क्री, ओजिब्वे, आणि अगदी वर बर्फात इनुइट असे मूळ रहिवासी आहेत. इनुइट लोकांचं जगणं सील, मासा आणि कॅरिबू नावाच्या रानहरणावर. ह्या लोकांची लिपी आपल्यासारखीच आहे, म्हणजे एका अक्षरात पूर्ण उच्चार. इंग्रजीसारखं के आणि ए जोडून का करायचं नाही. फक्त मात्रा-वेलांटी नाही, ते अक्षरच फिरवतात. एक त्रिकोण घ्या. टोक वर केलं तर 'इ'. टोक उजवीकडे केलं तर 'उ'. डावीकडे केलं तर 'अ'. तसंच 'प'चं: त्रिकोणाची एक बाजू काढून टाका, नुसतं उघड्या तोंडाचं चिन्ह उरतं. ते वर टोक करून ठेवलं तर पि, उजवीकडे पु, डावीकडे प. दोन-चार दिवसांत माणूस वाचायला लागतो. शाळा नसतानाही ही लिपी आईकडून मुलाकडे, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला गेली.

ही कोणी काढली? छापील पुस्तकात लिहिलेलं सापडतं की जेम्स इव्हान्स नावाच्या पाद्र्याने १८४० साली नॉर्वे हाऊस ह्या ठिकाणी काढली. चहाच्या पेट्यांच्या आतला शिशाचा पत्रा वितळवून त्याने खिळे पाडले असं सांगतात. काही अभ्यासक म्हणतात की त्याला आपल्या देवनागरीची माहिती होती आणि तिचा थोडा वास ह्या अक्षरांना आहे. क्री लोकांचे वडीलधारे वेगळं सांगतात. त्यांच्या सांगण्यात ही अक्षरं त्यांच्याच एका पूर्वजाला आत्म्यांच्या जगातून मिळाली. कोणाचं खरं ह्या वादात आम्ही पडत नाही. लिपी वापरून वापरून त्यांची झाली, हे तर पाद्र्याची पुस्तकंही कबूल करतात.

आता १९७६ साल. ह्या एका सालात दोन गोष्टी झाल्या. पहिली जमिनीची. इनुइट लोकांनी आपण कुठे शिकार करतो, कुठे तळ पडतो, कोणत्या वाटेने जातो ह्याचे नकाशे शिकाऱ्यांना विचारून विचारून तयार केले, आणि त्याचे तीन मोठे खंड त्या साली छापून आले. आपण गावसीमेचा नकाशा म्हाताऱ्यांना घेऊन जंगल फिरून करतो ना, तेच काम, फक्त बर्फावर. ह्या पुराव्यावर पुढे सरकारशी बोलणी झाली, १९९३ साली करार झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत नावाचा वेगळा प्रदेश झाला. इनुइटांच्या मालकीची सुमारे ३,५०,००० चौरस किलोमीटर जमीन कागदावर आली. महाराष्ट्रापेक्षा जास्त. पण ऐकणाऱ्यांनी हेही ऐकावं: जमिनीखालच्या खनिजाचा हक्क त्यातल्या साधारण दहाव्या हिश्श्यावरच मिळाला, आणि बाकीच्या मुलखावरचा मूळ हक्क त्यांना करारात सोडून द्यावा लागला. त्यावरून त्यांच्यात आजही बोलणं होतं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. त्याच साली इनुइटांच्या सांस्कृतिक संस्थेने लिपीचा एक प्रमाण तक्ता ठरवला. जुन्या तक्त्यात चार ओळी होत्या. चौथी ओळ 'अइ', 'पइ', 'तइ' अशा उच्चारांची. ती काढून टाकली. का काढली? एक मोठं कारण म्हणजे टाईपराईटर. त्या मशीनच्या गोळ्यावर जितकी अक्षरं बसतात तितकीच बसणार, सगळी बसेनात, म्हणून लोकांच्या तोंडातली एक ओळ कमी केली. मशीनसाठी भाषा कापली! पुढे क्विबेक प्रांतातल्या इनुइटांनी म्हटलं, आमच्या म्हाताऱ्यांनी ह्या ओळीत पत्रं लिहिली आहेत, ती आम्हाला परत पाहिजे. गोळ्याचा टाईपराईटर कधीच भंगारात गेला. ओळीचा वाद राहिला.

मग कॉम्प्युटर आला, आणि आपल्यासारखाच फॉन्टचा गोंधळ झाला. एका कचेरीतलं पत्र दुसऱ्या कचेरीत कचरा. म्हणून १९९९ साली, नुनावुत झाला त्याच वर्षी, ह्या लिपीची ६३० अक्षरं युनिकोडच्या रजिस्टरात चढली. क्री, ओजिब्वे, इनुइट, डकेल्ह अशा अनेक लोकांची अक्षरं एकाच खातेफोडीत, एकत्र करून. २००९ साली आणखी ८० आली. विंडोजमध्ये, मोबाईलमध्ये ही अक्षरं हळूहळू दिसायला लागली.

काम झालं असं वाटलं. पण नुनावुतच्या पश्चिम भागात नत्तिलिक नावाचे इनुइट राहतात. गजोआ हेवन, तालोयोआक, कुगारुक अशी त्यांची गावं. त्यांच्या बोलीत एक 'ह' आहे आणि एक 'श्र'सारखा आवाज आहे, 'श' आणि 'र' एकत्र घासल्यासारखा. ते हाताने लिहिताना ह्या आवाजांना स्वतःची अक्षरं वापरत. पण ती अक्षरं प्रमाण तक्त्यात नव्हती, म्हणून रजिस्टरातही आली नाहीत. दोन आवाज, प्रत्येकाची लांब-आखूड धरून सहा-सहा रूपं, अशी एकंदर १२ अक्षरं. बाहेरच्या माणसाला वाटेल, सातशेतली बारा म्हणजे काय मोठंसं? पण ज्याच्या बोलीत ती आहेत त्याला त्या लिपीत एक धड संदेश पाठवता येत नव्हता. जवळचं दुसरं अक्षर घालायचं, म्हणजे शेजारच्या बोलीचा उच्चार लिहायचा. नाहीतर इंग्रजी अक्षरांत लिहायचं. पोरं इंग्रजी अक्षरांतच लिहायला लागतात, मग लिपी कोणासाठी शिकवायची?

नत्तिलिकांमधले भाषा जपणारे जुने जाणते लोक बसले. केविन किंग नावाचा अक्षरं घडवणारा एक माणूस त्यांच्यासोबत बसला. कोणते आवाज, कोणती अक्षरं, ती कोणी कुठे लिहिली आहेत, कोणतं टोक कुठे वळतं, हे सगळं जमवून अर्ज केला. बघा, हा अर्ज आपल्या दाव्यासारखाच असतो. नुसतं 'आमचं आहे' म्हणून चालत नाही. जुना कागद दाखवा, वापर दाखवा, जाणत्यांचं म्हणणं लेखी द्या. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. तिथेही जाणत्या माणसांची साक्ष कामी आली. २०२१ साली ती बाराच्या बारा अक्षरं रजिस्टरात चढली. त्यांच्यासोबत क्री आणि ओजिब्वे लोकांची जुन्या काळातली चार अक्षरंही चढली.

ह्याच खटाटोपात आणखी एक भानगड उघडी पडली. डकेल्ह म्हणून जे लोक आहेत, त्यांच्या अक्षरांना १९९९ पासून नंबर होते, पण रजिस्टरात शेजारी जो नमुन्याचा आकार छापला होता तो काही अक्षरांचा बरोबर नव्हता. फॉन्ट करणारे तो नमुना बघूनच फॉन्ट करतात. म्हणजे जितके नवे फॉन्ट तितक्या वेळा तीच चूक. गट नंबर बरोबर आणि नकाशात हद्द भलतीकडे, असं आपल्याकडे किती गावांत आहे ते हात वर करून सांगा. (बरेच हात वर झाले.) तर ते नमुनेही दुरुस्त करून घेतले.

आकार दुरुस्त करता येतो. नंबर मात्र एकदा पडला की कधी खोडता येत नाही, बदलता येत नाही, अक्षराला दिलेलं नावही बदलत नाही. संस्थेचा नियमच तसा आहे, नाहीतर जुनी सगळी कागदपत्रं बिघडतील. नियम योग्य आहे. पण म्हणूनच आमचं म्हणणं असं की यादी जाण्याआधी गाव बसलं पाहिजे. नंतर भर घालता येते, पण चुकीचं चढलेलं उतरवता येत नाही.

आता अमेरिकेतल्या चेरोकी लोकांचं थोडं सांगू, कारण त्यांच्या गोष्टीत लिपी आणि जमीन एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. सेक्वोया नावाचा त्यांचा एक चांदीकाम करणारा माणूस. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण कागदावर बोलणं धरून ठेवता येतं हे त्याने पाहिलं आणि बरीच वर्षं खपून १८२१ साली आपल्या भाषेची लिपी उभी केली. छापायला घेतली तेव्हा ८५ अक्षरं. १८२८ साली चेरोकी लोकांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, चेरोकी फिनिक्स. आपली जमीन का सोडणार नाही ते त्यात दोन्ही भाषांत छापून येई. १८३२ साली तिथलं सुप्रीम कोर्टही त्यांच्या बाजूने बोललं. तरी १८३५ साली जॉर्जिया राज्याच्या शिपायांनी छापखाना जप्त केला, आणि १८३८-३९ मध्ये सगळ्या लोकांना बंदुकीच्या धाकावर पश्चिमेकडे हाकललं. सुमारे १६,००० माणसं निघाली, त्यातली सुमारे ४,००० मेली असं धरतात. म्हणजे लिपी होती, वर्तमानपत्र होतं, कोर्टाचा निकाल होता, आणि जमीन गेली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. अक्षर मिळालं की सगळं मिळालं, असं सांगणाऱ्यांत आम्ही नाही.

पण ते लोक लिपी सोबत घेऊन गेले. १९९९ साली त्यांच्या अक्षरांनाही नंबर पडले. पुढे त्यांच्या राष्ट्राच्या कचेरीने कंपन्यांच्या मागे लागून लागून २०१० साली आयफोनमध्ये चेरोकी आणवून घेतली. नंबर पडल्यापासून हातातल्या फोनमध्ये दिसेपर्यंत ११ वर्षं गेली. त्यांच्यामागे पाठपुरावा करणारी स्वतःची कचेरी होती, तरी.

सगळ्यांनाच ही फिरती अक्षरं हवी आहेत असंही नाही. कॅनडाच्या इनुइटांत काही भाग आधीपासूनच इंग्रजीची अक्षरं वापरतो. २०१९ साली त्यांच्या देशपातळीच्या संघटनेने सगळ्या बोलींसाठी इंग्रजी अक्षरांचीच एक पद्धत मान्य केली, म्हणजे एका भागातलं पुस्तक दुसऱ्या भागातल्या शाळेत चालेल. जुनी लिपी बंद केलेली नाही, पण मोठी माणसं नाराज झाली. आम्हाला दोन्हीकडचं म्हणणं पटतं. ठरवणारे तेच लोक आहेत, ही त्यातली चांगली गोष्ट.

आता आपल्याकडे वळू. संथाळांची ओल चिकी, पंडित रघुनाथ मुर्मूंनी १९२५ च्या सुमाराला काढलेली, तिला २००८ साली नंबर मिळाले. गंमत अशी की त्याच साली मराठीच्या 'ॲ'लाही नंबर मिळाला, म्हणजे मंत्रालयाच्या भाषेचं अक्षरही रांगेत उभं होतं. हो लोकांची वारंग चिती, लाको बोद्रांची, २०१४ साली चढली. आणि गोंडी? गोंडीच्या दोन लिप्या चढल्या आहेत. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली केलेली, ती २०१७ मध्ये. आणि तेलंगणात आदिलाबाद भागातल्या गुंजाला गावी जुन्या पोथ्यांत मिळालेली, ती २०१८ मध्ये. दोन्हींचे अर्ज अंशुमन पांडे नावाच्या अभ्यासकाने मांडले. गुगलने दोन्हींचे फॉन्ट फुकट ठेवलेले आहेत.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? आम्ही विचारलं तेव्हा चार हात वर आले. आणि मोबाईलवर एकाचेही गोंडी अक्षर नाही. ज्या लिप्यांचा जगाच्या रजिस्टरात फेरफार झाला, त्या आपल्या गावात कोणी वाचत नाही, शाळेत नाहीत, दाव्याच्या अर्जावर तर नाहीतच. माडिया, वारली, कोकणा, भिल अशा कित्येकांनी लिपी म्हणून देवनागरीच धरली आहे, आणि त्यात काही कमीपणा आहे असं आम्ही मानत नाही. देवनागरीतही आपला उच्चार नीट लिहिता येतो, लिहिणाऱ्याने नीट ऐकलं तर. गोंडी भाऊ-बहिणींनी दोन लिप्यांपैकी कोणती धरायची, की देवनागरीच ठेवायची, हे त्यांनी त्यांच्या सभांमध्ये बोलावं. आम्ही इथून सांगणार नाही.

आम्ही इथून एवढंच मागतो. प्रत्येक गावाने एक वही करावी. गावसीमेतला प्रत्येक डोंगर, नाला, झोडपा, देवस्थान, मोहाची झाडं असलेली जागा, जुना पडीक गाव, सगळ्यांची नावं, म्हातारी माणसं जशी घेतात तशी. ऐकणारा आपल्याच बोलीचा पाहिजे, गुरुजी बाहेरचा असेल तर त्याच्या हाती वही देऊ नका. नावात एखादा आवाज असा आला की देवनागरीत बसत नाही, तर तिथे खूण करा आणि शेजारी तो आवाज असलेले आणखी दोन शब्द लिहा. मोबाईल असेल तर म्हातारीच्या तोंडून ते नाव भरून घ्या. ही वही नमुना कला जोडता येते, जाणत्यांच्या सह्या-अंगठे घेऊन आणि ग्रामसभेच्या ठरावासकट. नाव लिहिताना आधार, राशन कार्ड आणि दावा ह्या तिन्हींवर आता काय लिहिलं आहे तेही एका रकान्यात टाका, म्हणजे फरक किती ते कळेल.

ज्या गावांच्या वह्या पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत होतील त्यांनी त्या सोबत आणाव्यात. खूण केलेल्या आवाजांची यादी आपण पुढच्या पत्रकात छापू. स्टेन्सिल आहे, कोणतंही अक्षर ओढता येईल.